वायरलेस हेडसेट : गाणं झकास, पण कॉल आला की आवाज डब्यातला. कूलरवाल्या घरात काय घ्यावं?

जवारी | १२ एप्रिल, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहून राहिले, पण सगळं एकदाच सांगते म्हणजे कुणाला परत परत विचारावं लागणार नाही.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी पुण्याच्या कंपनीत पण काम घरूनच. दिवसाला पाच-सहा तास तरी कॉल असतात, कधी लॅपटॉपवर कधी मोबाईलवर. शनिवारी माझा गाण्याचा क्लास, बाई पुण्याच्या, त्याही ऑनलाइनच शिकवतात. बाकी गाणं ऐकणं हा एकच शौक. वसंतराव देशपांडे सभागृहात बैठक असली की मी गेलेच म्हणून समजा, आणि घरी आल्यावर तोच आवाज कानात शोधत बसते. त्यामुळे इयरबड्स घेताना आवाज बघूनच घेतले होते, साडेचार हजाराचे, आणि तानपुरा त्यात असा काही उलगडतो की डोळे मिटून बसावं.

आता अडचण. लॅपटॉपवर गाणं चालू असलं की आवाज एकदम भरीव, आणि मीटिंग जॉइन केली रे केली की तोच आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा होतो. मीटिंग संपली की आपोआप परत चांगला. पहिला पीस खराब असेल म्हणून बदलून आणला, दुसऱ्याचंही तेच. दुकानदार म्हणे सेटिंगमध्ये काहीतरी असेल, पण कुठलं सेटिंग ते त्यालाही माहीत नाही.

दुसरं म्हणजे ५ तारखेला कूलर लावला. खिडकीत मोठा डेझर्ट कूलर, माझं टेबल त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, कारण दुसरीकडे बसलं तर घामाने जीव जातो. बड्सच्या खोक्यावर एएनसी लिहिलंय, आणि खरंच मला कूलर जवळजवळ ऐकू येत नाही. पण पलीकडच्यांना माझ्यापेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो. दिवसभर म्यूट कर, अनम्यूट कर, आणि नेमकं महत्त्वाचं बोलायच्या वेळी लोक म्हणतात परत सांगा.

सात हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय घेऊ? की आहे त्यातच काही करता येतं?

वऱ्हाडी_गडी | १२ एप्रिल, रात्री १०.१५

ताई माह्याकडेबी सेम होऊन रायलं, मले वाटलं माहाच पीस डुप्लिकेट हाय. धागा पाहून ठेवतो.

खापरीएक्सप्रेस | १२ एप्रिल, रात्री ११.३०

ताई, पीस खराब नाहीये, दहा वेळा बदलला तरी हेच होईल. मी मिहानमधल्या एका कंपनीत सपोर्टला आहे, ही तक्रार आठवड्यातून चार वेळा तरी येते आमच्याकडे, म्हणून नीट सांगतो.

ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. गाण्याची वाट ए२डीपी, तिच्यावरून आवाज फक्त एकाच दिशेने जातो, लॅपटॉपकडून कानाकडे, पण स्टिरिओ जातो आणि त्याला जागा भरपूर मिळते. साधा एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत, असला तरी सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास. कॉलची वाट एचएफपी. तिच्यात माईकचा आवाज पण परत न्यायचा असतो, म्हणून दोन्ही दिशांना थोडी थोडी जागा, ६४ किलोबिट, आणि मोनो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला फक्त ८००० नमुने घेतात, नव्या एमएसबीसी नावाच्या पद्धतीत १६०००. गाण्याला ४४१०० असतात. आता ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्झच्या वरचं काही बसतच नाही, तानपुऱ्याची जवारी, तुमच्या नावातलीच, म्हणजे तारांची ती झणकार, ती बरीचशी वरच्या पट्टीत असते ना, ती सगळी गळून जाते. म्हणून डब्यातला आवाज.

आणि मेख अशी की हेडसेट एका वेळी या दोनपैकी एकाच वाटेवर असतो. मीटिंगच्या अ‍ॅपने हेडसेटचा माईक मागितला की लॅपटॉप गुपचूप कॉलच्या वाटेवर जातो. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसायची, एक स्टिरिओ आणि एक हँड्सफ्री, ते याचमुळे. ११ मध्ये नाव एकच दिसतं पण आत अदलाबदल तीच.

आजच करून बघा : मीटिंगच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इयरबड्स ठेवा आणि माइक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा. बड्सचा माईक कुणी मागितलाच नाही तर ते गाण्याच्या वाटेवरच राहतात आणि मीटिंगमधले लोक तुम्हाला एकदम स्वच्छ ऐकू येतील. एक रुपया खर्च नाही.

जवारी | १३ एप्रिल, सकाळी १०.०५

दादा, काय सांगू, आत्ता पहिली मीटिंग झाली आणि सगळ्यांचे आवाज असे ऐकू आले की समोर बसलेत! वर्षभर मी तो डबा ऐकत होते. मनापासून आभार.

पण लॅपटॉपच्या माईकने कूलर आणखीनच जवळून उचलला. माझ्या टीममधल्या मुलीने व्हॉइस नोट रेकॉर्ड करून पाठवली, मी गिरणीत बसून बोलतेय असं वाटतं. म्हणजे एक सुटलं, दुसरं वाढलं.

सोल्डरभाऊ | १३ एप्रिल, दुपारी २.२०

माझं बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्लीत रिपेरिंगचं काउंटर आहे, अठरा वर्षं झाली. जवारीताईंचा दुसरा प्रश्न हा माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा प्रश्न आहे आणि घोळ सगळा खोक्यावरच्या दोन शब्दांचा आहे.

एएनसी म्हणजे तुमच्या कानासाठी. बाहेरचा माईक कूलरची घरघर ऐकतो, तिच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतो, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. एकसारखी, खालच्या पट्टीतली घरघर याच्यात छान मरते. कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, शेजाऱ्याचं ड्रिल, यात फार फरक पडत नाही. पण हे सगळं ऐकणाऱ्याच्या कानापुरतं. पलीकडच्या माणसाला तुमच्या एएनसीचा काडीचा उपयोग नाही.

पलीकडच्यासाठी असतं ते ईएनसी, म्हणजे बोलताना माईकच्या आवाजातून गोंगाट वेगळा काढायचा. बड्समध्ये दोन-तीन माईक लावून आणि सॉफ्टवेअरने ते करतात. करतात पण किती करणार, माईक बसलाय कानाशी आणि तोंड आहे दहा-बारा सेंटीमीटर लांब. माईकला तुमचा आवाज आणि कूलर जवळपास सारखेच मोठे ऐकू येतात.

आता हिशेब बघा. आवाजाचं अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने पडतो. गालावरून तोंडासमोर येणारी दांडी असते ना, बूम माईक, तो ओठांपासून अडीच-तीन सेंटीमीटरवर असतो. म्हणजे बड्सच्या माईकपेक्षा चौपट जवळ, म्हणजे तुमचा आवाज १२ डेसिबलने वर आला. कूलर मात्र सहा-सात फुटांवर तो तिथेच आहे, त्याला या आठ-नऊ सेंटीमीटरचं काहीच नाही. ही १२ डेसिबलची कमाई कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीची आहे, फुकट. म्हणून कॉल सेंटरवाले अजूनही दांडीवाला हेडसेटच घालतात, दिसायला कसाही दिसो.

तेव्हा माझं मत सरळ आहे. दिवसाला पाच तास कॉल असतील आणि घरात कूलर असेल तर दांडीवाला घ्या. गाण्याचे बड्स आहेतच तुमच्याकडे, ते गाण्याला ठेवा. एकाच वस्तूत दोन्ही गोष्टी एक नंबर पाहिजे म्हणून लोक पंधरा-वीस हजार घालतात आणि तरी मे महिन्यात माझ्या काउंटरवर येऊन बसतात.

इतवारीकाका | १३ एप्रिल, संध्याकाळी ७.४५

सोल्डरभाऊंशी सहमत, पण दुकानात उभं राहून दांडी लावणं आम्हाला जमत नाही. माझं इतवारीत कापडाचं दुकान, दोन फोन, एकावर व्यापारी, एकावर घरचे. चार वर्षं नेकबँड वापरतोय. गळ्यात पडलेला असतो, फोन वाजला की कानात घातला, झाला की मॅग्नेट चिकटवून सोडून दिला. हरवत नाही. बॅटरी बड्सपेक्षा मोठी असल्याने सकाळी दहा ते रात्री नऊ कधी बंद पडला नाही.

मात्र मल्टिपॉइंट आहे का हे विचारूनच घ्या. म्हणजे एकाच वेळी दोन फोनला जोडलेला राहतो, ज्याचा कॉल येईल तो उचलायचा. माझ्या पहिल्या नेकबँडला ते नव्हतं, दर वेळी एक तोडून दुसरा जोडायचा, तेवढ्यात कॉल कट होऊन जायचा आणि दिवाळीच्या सीझनला एक मोठी ऑर्डर अशीच हातची गेली.

खापरीएक्सप्रेस | १३ एप्रिल, रात्री ८.३०

काका, बरोबर. फक्त मल्टिपॉइंट घेतलं की लॅपटॉप-मोबाईल जोडी वापरणाऱ्यांनी मोबाईलचे नोटिफिकेशनचे आवाज बंद ठेवावे. नाहीतर मीटिंग चालू आणि मोबाईलवर कुणाचं गुड मॉर्निंगचं व्हिडिओ फॉरवर्ड उघडलं की आवाज तिकडे पळतो.

स्कूटीवाली | १३ एप्रिल, रात्री ९.१०

माझा अनुभव वेगळाच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपट्टा बांधल्याशिवाय गाडी कोण चालवतं. व्हरायटी चौकात सिग्नलला दुपट्टा सोडला तर डावा बड त्यात अडकून उडाला, गाड्यांच्या मधून कुठे गेला तो दिसलाच नाही. एकटा डावा बड मागवायला गेले तर नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त पैसे सांगितले आणि उजव्याशी जुळवायला सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हणे. तेव्हापासून मीही काकांसारखी नेकबँडवाली. फक्त दुपट्ट्याखाली त्याचा माईक दबतो, म्हणून बोलायचं असलं की गाडी बाजूला घेऊन.

श्रवण४४० | १३ एप्रिल, रात्री ९.४०

स्कूटीवाली, गाडी बाजूला घेऊन बोलता ते फार चांगलं करता, पण गाडी चालवताना गाणंही लावू नका. कानात बूच आणि वर एएनसी असलं की मागून येणाऱ्या सिटी बसचा हॉर्न उशिरा ऐकू येतो, आणि वर्धा रोडला तेवढाच उशीर पुरेसा आहे. माझ्या बहिणीचा हात असाच मोडला, म्हणून इतकं निक्षून सांगते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, या धाग्यावर कानांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे : मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. व्हॉल्यूमची पट्टी दोन खुणांनी वर गेली तर आपल्याला काहीच वाटत नाही पण हिशेब असा झपाट्याने खाली येतो.

आता कूलरवाल्या खोलीत काय होतं, की साधे इयरफोन घालून माणूस कूलरच्या वर आवाज नेतो. दिवसभर. जवारीताईंचं एएनसी पलीकडच्याच्या उपयोगाचं नाही हे खरं, पण त्यांच्या स्वतःच्या कानांच्या फार उपयोगाचं आहे, त्यामुळे त्या कमी आवाजात ऐकू शकतात. ते बिनकामाचं समजू नका.

दुसरं, रबराची टोपी कानात नीट बसली पाहिजे. सोबत तीन साइज देतात, लोक मधली लावतात आणि बाकीच्या फेकतात. फट राहिली की खालचे स्वर निसटतात, मग बास नाही म्हणून परत आवाज वाढवायचा. दोन्ही कानांना वेगवेगळी साइज लागू शकते, माझ्या स्वतःच्या कानांना लागते. आणि जुलै-ऑगस्टात ओल्या कानात तासन्‌तास बूच घालून बसू नका, कानात बुरशी घेऊन येणारे पेशंट पावसाळ्यात वाढतात. दर तासाला दहा मिनिटं काढून ठेवा, टोप्या पुसा.

धरमपेठची_मावशी | १४ एप्रिल, सकाळी ८.००

श्रवणताई, तुम्हालाच विचारते. आमचे बाबा ८१ वर्षांचे, टीव्हीचा आवाज इतका मोठा की खालच्या मजल्यावर बातम्या ऐकू येतात. ब्लूटूथ हेडफोन घेऊन दिला तर चालेल का? मुलगा म्हणतो ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

श्रवण४४० | १४ एप्रिल, सकाळी ९.२०

मावशी, आधी बाबांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवलं तरी चालेल. या वयात बहुतेकांना वरच्या पट्टीतलं कमी येतं, स, श, फ, थ नीट उमगत नाहीत, म्हणून आवाज वाढवतात. हेडफोन सगळंच सरसकट वाढवतो, जे चांगलं ऐकू येतं तेही. त्याने उरलेल्या कानाचं नुकसान होऊ शकतं. तपासणीत मशीन लागलं तर आजकाल कित्येक श्रवणयंत्रं थेट ब्लूटूथने फोनला जोडता येतात, बाबांना नातवाचा कॉल थेट यंत्रात ऐकू येईल.

खापरीएक्सप्रेस | १४ एप्रिल, सकाळी ९.५०

आणि मावशी, ओठ-शब्दांचं म्हणाल तर ब्लूटूथला आवाज बांधून पाठवायला आणि उघडायला साधारण दीड-दोनशे मिलीसेकंद लागतातच. ज्या टीव्हीत ब्लूटूथ आतच आहे तो बहुधा चित्र तेवढं थांबवून जुळवून घेतो, किंवा सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो तो कमी-जास्त करता येतो. सेट टॉप बॉक्सच्या मागे बाहेरून लावलेल्या स्वस्त ट्रान्समीटरला ही सोय नसते.

वऱ्हाडी_गडी | १४ एप्रिल, दुपारी १.०५

राजेहो, एवढं समदं वाचलं. माहं बजेट हजार-बाराशे. बर्डीच्या फुटपाथवर मोठ्या कंपनीचे बड्स ६०० ले भेटून रायले, खोकं अगदी ओरिजनल. घेऊ का?

सोल्डरभाऊ | १४ एप्रिल, दुपारी ३.३०

नको भाऊ. हजारात चांगल्या भारतीय ब्रँडचा बिलासकट नेकबँड येतो, तो घ्या. वायरलेस हेडफोन आणि इयरफोन आपल्याकडे बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत, खोक्यावर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो क्रमांक टाका, कंपनीचं नाव आणि वस्तू दोन्ही जुळली पाहिजे. नकली मालावर एकतर क्रमांक नसतो किंवा कुणाचा तरी चार्जरचा क्रमांक छापलेला असतो, हे मी स्वतः पाहिलंय.

मला आवाजापेक्षा भीती बॅटरीची वाटते. बड्समध्ये नखाएवढा लिथियम सेल असतो आणि तो तुम्ही कानात घालता. फुटपाथच्या मालात त्याला ओव्हरचार्जिंगचं संरक्षण आहे की नाही कोण बघणार. माझ्याकडे फुगलेल्या केस येतात, मे महिन्यात जास्त.

ओरिजनल असला तरी एक ध्यानात ठेवा सगळ्यांनी : गाडीच्या डिकीत ठेवू नका. या सेलना साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम असतो. आपल्याकडे बाहेरच ४५ होतं, बंद डिकीत तर विचारू नका. डिकीतून काढून तापलेलीच केस चार्जिंगला लावली की तिचं आयुष्य भराभर संपतं. आधी घरात अर्धा तास थंड होऊ द्या. बड्सचा सेल गेला की बहुतेक वेळा जोडच फेकावी लागते, उघडायला जागाच नसते. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनचा सेल मात्र मी बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

वऱ्हाडी_गडी | १४ एप्रिल, दुपारी ४.१०

पटलं भाऊ. बिलवालाच घेतो. माहे बड्स रोज डिकीतच रायते, आता समजलं काऊन चार्जिंग टिकत नोतं ते.

जवारी | १७ एप्रिल, रात्री १०.२०

मंडळी, काल बर्डीला जाऊन आले. सोल्डरभाऊंनी सांगितलं तसं दांडीवाले तीन हेडसेट काढायला लावले. दुकानात एक पेडेस्टल फॅन चालू होता, त्याच्यासमोर बसून प्रत्येक हेडसेटवरून एक-एक मिनिटाची व्हॉइस नोट स्वतःलाच पाठवली, मग बाहेर येऊन माझ्या बड्सने तिन्ही ऐकल्या. दुकानदार आधी वैतागला, मग त्यानेच खुर्ची दिली. फरक इतका स्पष्ट की विचार करावा लागला नाही. एकात फॅन होता पण लांब, माझा आवाज पुढे, तोच घेतला. सोबत लॅपटॉपला लावायचा छोटा यूएसबी डोंगल आहे. सहा हजार दोनशे.

आज पाच तास कॉल झाले. कुणीही परत सांगा म्हटलं नाही. मॅनेजरना मुद्दाम विचारलं कूलर ऐकू येतो का, ते म्हणाले कुठला कूलर.

एकच त्रास : मधूनच आवाज तुटतो, एक-दोन सेकंद खरखर. आणि शनिवारी क्लास आहे, तो याच्यावर होईल का? मागच्या शनिवारी बड्सवर बाई म्हणाल्या की तुझा तानपुरा ऐकूच येत नाहीये, आणि माझ्या शेजारी तर तो व्यवस्थित चालू होता. मी लांब स्वर धरला की तोसुद्धा मध्येच गिळला जायचा. तुम्ही आवाजातले जाणकार, याचं कारण सांगा, मला तीन दिवस तेच डोक्यात आहे.

खापरीएक्सप्रेस | १७ एप्रिल, रात्री ११.१५

खरखरीचं आधी. डोंगलच्या शेजारच्या यूएसबीत काही लावलंय का, हार्ड डिस्क वगैरे? यूएसबी ३ चे पोर्ट आणि वायरी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतात, आणि ब्लूटूथ तिथेच चालतं. २०१२ मध्ये इंटेलनेच यावर कागद काढला होता. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, किंवा हातभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन टेबलावर ठेवा. राउटरचं वायफाय पण ५ गिगाहर्ट्झवर जोडा, तेवढीच गर्दी कमी.

आता क्लास. ताई, गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर ओळखतं कसं की गोंगाट कुठला? ढोबळमानाने जे एकसारखं, न थांबता चालू आहे ते गोंगाट, आणि जे थांबत-थांबत, चढत-उतरत येतं ते बोलणं. कूलर एकसारखा चालतो. तानपुराही एकसारखाच चालतो. त्याने तुमचा तानपुरा कूलर समजून काढून टाकला, आणि तुम्ही षड्‌ज लांबवला की दोन-तीन सेकंदांनी तोही गोंगाटात जमा. जितका स्थिर लागेल तितका लवकर.

म्हणून क्लासला ही सफाई पूर्ण बंद पाहिजे. झूम वापरत असाल तर सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि त्या वेळी हेडसेटचा ब्लूटूथ माईक नको, कारण तो परत कॉलच्या वाटेवर, मोनो. साधे वायरचे इयरफोन लावा, माईक लॅपटॉपचा किंवा बाहेरचा घ्या, आणि कूलर बंद.

पुढे एलई ऑडिओ म्हणून नवी पद्धत येऊन राहिली आहे, २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली, एलसी३ कोडेक, त्यात स्टिरिओ आणि माईक दोन्ही एकत्र चांगले चालतात. पण लॅपटॉप आणि हेडसेट दोघांतही पाहिजे, आणि खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलं म्हणजे एलई ऑडिओ असतंच असं नाही. तुमच्या बाईंच्या क्लाससाठी आत्ता तरी वायरच.

जवारी | १९ एप्रिल, सकाळी ९.३०

आत्ताच क्लास संपला. डोंगलशेजारी हार्ड डिस्कच होती, काढली, खरखर गेली.

कूलर बंद ठेवून दहा वाजता तासभर बसणं या दिवसांत शक्य नाही, म्हणून बाईंना विचारलं सकाळी साडेसहाला घ्याल का. त्या म्हणाल्या रियाजाची वेळ तीच, आनंदाने घेते. तेव्हा आज पहाटे उठून खिडकी उघडली, कूलर, पंखा सगळं बंद. कपाटातून जुने वायरचे इयरफोन शोधून काढले, मूळ आवाजाचं सेटिंग चालू केलं. पहिला सा लावला, बाई काहीच बोलल्या नाहीत, मला वाटलं परत आवाज गेला. मग म्हणाल्या, "तुझा पंचम किंचित उतरलाय, आधी तानपुरा लावून घे." इतक्या महिन्यांत त्यांना माझा तानपुरा पहिल्यांदा ऐकू आला.

इतवारीकाका | १९ एप्रिल, सकाळी १०.१०

वा पोरी! वाचून बरं वाटलं. कानावरच्या गाद्या घामाने चिकट होतील मात्र मे महिन्यात, त्याचं काय?

सोल्डरभाऊ | १९ एप्रिल, दुपारी १२.४०

रेक्झिनच्या गाद्या उन्हाळाभर घामात राहिल्या की पापुद्रे निघतात काका. ताई, काउंटरवर या, कापडी गाद्यांची जोडी त्या मापाची असली तर लावून देतो. येताना हेडसेट पिशवीत आणा, डिकीत नको.